हिवाचे दिवस

दिवाळी सरते, मावळपट्ट्यातील भाताची कापणी आटोपते, आणि जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील हवेचा रंग पालटू लागतो. चार महिने ज्या डोंगरमाथ्यांवरून ढगांचे लोट उतरत होते, ते नाणेघाटाकडील आणि भीमाशंकराकडील माथे आता स्वच्छ निळ्या आकाशावर रेखल्यासारखे दिसतात. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत पहाटे धुक्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. मार्गशीर्ष लागला की सकाळी विहिरीच्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात. पौषात तर गवताच्या पात्यांवरील दहिवर पायांना सुयांसारखे टोचते. या दिवसांना इकडील लोक ‘हिवाचे दिवस’ म्हणतात. वर्षातून दोन-अडीच महिनेच ते येतात. पण तेवढ्या काळात माणसांना, गुरांना आणि पिकांनाही आपला नित्यक्रम बदलावा लागतो.

हिवाळ्यात सूर्य पृथ्वीपासून दूर जातो म्हणून थंडी पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्या वेळी उभयतांमधील अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते. थंडीचे कारण अंतरात नाही, तर पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. उत्तर गोलार्ध त्या दिवसांत सूर्यापासून विरुद्ध बाजूस कललेला असतो. त्यामुळे किरण तिरपे पडतात, दिवस लहान होतो आणि रात्र लांबते. जुन्नर हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तेथील सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांपेक्षा अधिक वर चढत नाही.

परंतु एवढ्याने कडाक्याची थंडी पडत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. आकाशात ढग असतील तर ते पांघरुणासारखे ही उष्णता अडवितात; हवेत बाष्प असेल तर तेही अडविते. पावसाळ्यातील रात्री उबदार असतात त्या यामुळेच. हिवाळ्यात मात्र आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. त्यातच हिमालयात बर्फ पडून गेल्यावर उत्तरेकडून थंड, कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतात. मग जमिनीची ऊब अडविण्यास वर काहीच उरत नाही. बंगालच्या उपसागराकडून चार ढग आले, की याच थंडीचा जोर एका रात्रीत मोडतो. समुद्रही मोठा ऊब देणारा आहे. मुंबईस आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे ७.४ अंश सेल्सिअस आहे. पुण्यास मात्र १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. मधे उभा आहे तो एक सह्याद्री.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. निवांत रात्री ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येते आणि खोलगट जागी साचून राहते. म्हणून टेकडीवरील वाडीपेक्षा नदीकाठच्या मळ्यात अधिक गारठा असतो. थंडी उंचावर जास्त असावी, असे आपल्याला वाटते; दिवसा ते खरेही असते; पण हिवाच्या रात्री निसर्ग आपला नियम उलटा करतो. ज्याचे शेत ओढ्याच्या काठी आहे, त्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. संध्याकाळी वारा पडला, आकाश लख्ख झाले आणि चांदण्या ठसठशीत दिसू लागल्या, की तो समजून चुकतो की आजची रात्र कठीण आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वर्तमानपत्रात ‘किमान तापमान ६ अंश’ असे छापून येते, ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीतील पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. उघड्या आकाशाखालील गवताचे पाते त्यापेक्षा कित्येक अंशांनी अधिक थंड होते. म्हणूनच पारा शून्यापर्यंत उतरलेला नसतानाही कधी कधी पानांवरील दव गोठून त्याचे पांढरे कण बनतात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी असे गोठलेले दहिवर पाहावयास लोक मुद्दाम जातात. ज्याचे पोट पिकावर आहे, त्याला त्या पांढऱ्या कणांत शोभा दिसत नाही.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव आणि त्याच्या आसपासचा परिसर द्राक्षांसाठी, विशेषतः काळ्या द्राक्षांसाठी, प्रसिद्ध आहे. द्राक्षवेलीची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. डिसेंबर-जानेवारीत घड भरू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी थंडीचा कडाका येतो. तापमान १० अंशांखाली गेले, की वेलीची मुळे सुस्तावतात, पाणी व अन्नद्रव्ये वर चढेनाशी होतात आणि मण्यांची वाढ खुंटते. मण्यांत पाणी भरू लागल्यावर असा गारठा आला तर मणी तडकण्याची भीती असते. हिरव्या जातींत आणखी एक संकट उद्भवते. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडक थंडी असा फरक वाढला की मण्यांवर गुलाबी छटा चढते. आपल्याला ती छटा सुंदर वाटेल. पण परदेशी जाणाऱ्या मालात असे घड चालत नाहीत. वर्षभराची मेहनत, खते, औषधे, मजुरी आणि बहुधा डोक्यावरील कर्ज हे सर्व अशा चार-सहा रात्रींवर टांगलेले असते.

म्हणून त्या रात्री घरातील कर्ती माणसे अंथरुणावर पडत नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात. पालापाचोळा, छाटणीच्या काड्या, उसाचे पाचट, गोवऱ्या असे जे हाताशी असेल ते जळणाला चालते. येथे अनुभवाचे आणि शास्त्राचे मत जुळते ते पाहण्यासारखे आहे. एकच मोठा जाळ केला तर त्याची उष्णता सरळ वर उठते आणि वरच्या हवेत निघून जाते. बागेला तिचा लाभ थोडाच होतो. लहान लहान शेकोट्या अनेक ठिकाणी केल्या, तर उष्णता वेलींच्या उंचीवरच रेंगाळते आणि खालची थंड हवा ढवळली जाते. धुरानेच वेलींचे रक्षण होते, असे पुष्कळांस वाटते. परंतु रात्री जमिनीतून निघणारी उष्णता अडविण्याचे सामर्थ्य धुराच्या बारीक कणांत फारसे नसते. खरे काम जाळाची ऊबच करते.

दुसरा उपाय पाण्याचा. जमिनीत काही मीटर खोल गेल्यावर तेथील तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच राहते. यामुळे उन्हाळ्यात गार लागणारे विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते. प्रत्यक्षात पाणी बदललेले नसते. बदललेली असते ती बाहेरची हवा व आपली त्वचा. हे कोमट पाणी पहाटे बागेला दिले की ते आपली ऊब मातीला देते. शिवाय ओली माती दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू वर सोडते. कोरडी, भुसभुशीत माती हे काम नीट करू शकत नाही. घडांना कागद गुंडाळण्याचीही रीत आहे. बागेतील एकेका घडाला कागदाचे आंगडे चढवायचे म्हणजे किती हात लागत असतील, याची कल्पना करावी!

थंडी सर्वच पिकांची वैरीण नाही, हेही सांगितले पाहिजे. गव्हाला फुटवे येण्यास गारवा लागतो. थंडी चांगली पडली तर गहू जोमाने वाढतो, आणि ती लवकर सरली तर ओंबी हलकी भरते. हरभऱ्यालाही ही हवा मानवते. एकाच बांधाच्या अलीकडे थंडी जावी म्हणून देवाला साकडे घातले जाते आणि पलीकडे ती राहावी म्हणून. शेजाऱ्याशेजाऱ्यांत अशी गमतीची तेढ दुसऱ्या कोणत्या ऋतूने लावली असेल?

आता माणसाकडे वळू. आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते तसेच राखणे शरीराला भाग असते. बाहेर गारठा वाढला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणजे उष्ण रक्त आतील महत्त्वाच्या अवयवांकडे राखले जाते. म्हणूनच बोटे, नाकाचा शेंडा व कानांच्या पाळ्या प्रथम गार पडतात. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू आपोआप थरथरू लागतात. हुडहुडी भरणे म्हणजे शरीराने स्वतःच पेटविलेली शेकोटीच होय. हे सर्व काम चालण्यास इंधन हवे, आणि ते अन्नातून मिळते. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९. तिळाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी करण्याचा जो प्रघात आहे, त्याचा हा हिशेब आजीने कधी मांडलेला नसतो. तिचा स्वयंपाक मात्र त्यात चुकत नाही.

पांघरुणाचेही तसेच. कपडा स्वतः ऊब देत नाही. तो शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि तेही मुख्यतः त्यात कोंडलेल्या हवेच्या बळावर. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थरावर थर घालून, त्यांना जवळजवळ टाके मारून शिवलेली गोधडी म्हणजे कोंडलेल्या हवेचे कोठारच. धनगरांच्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी तर याहून गुणी. सनगर ती मागावर विणतात व तिला चिंचोक्याची खळ देतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा इतका ओलावा शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. इतकेच नव्हे, तर ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही देते. माळावर मेंढरांच्या वाड्याशेजारी उघड्यावर रात्र काढणारा धनगर दहिवराने भिजलेल्या घोंगडीतही निश्चिंत झोपतो, त्याचे रहस्य हेच आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची अडचण निराळी. सकाळी ८ अंश आणि दुपारी २८ अंश अशा हवेत एकाच दिवशी दोन ऋतू भोगावे लागतात. म्हणून प्रार्थनेच्या वेळी कानांवर असलेली कानटोपी मधल्या सुट्टीत दप्तरात आणि स्वेटर कमरेला जाऊन बसतो.

घरे पाहिली तर पूर्वजांची समज अधिकच पटते. पश्चिमेकडील डोंगराळ भागांत महादेव कोळी समाजाची जुनी घरे कारवीच्या कुडाची असत. कारवीच्या काठ्या उभ्या करून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपल्या, की वारा आत येण्यास फट राहत नसे. गुरांचा गोठा घरातच, एका बाजूस असे. नव्या दृष्टीला ही अस्वच्छता वाटेल, आणि आरोग्याच्या दृष्टीने गोठा वेगळा असणे चांगलेच. परंतु चार-पाच गुरांच्या देहांची ऊब रात्रभर घरात फिरत असे, हेही खरे. दूर लडाखमध्येही जुन्या घरांत खालच्या मजल्यावर गुरे व वर माणसे अशी योजना दिसते. एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन डोंगरी समाजांनी थंडीला एकच उत्तर शोधले. आज इकडे पत्र्याची छपरे फार झाली आहेत. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री भराभर निवतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूस दव साचून थेंब अंथरुणावर टपकतात. कौले व जाड मातीच्या भिंती या बाबतीत पत्र्यापेक्षा दयाळू होत्या.

जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांचे दर्शनी भाग दक्षिणेकडे आहेत. हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेकडून कलून जात असल्यामुळे त्याचे ऊन ओसरीतून आत शिरते. उन्हाळ्यातील माथ्यावरचा सूर्य मात्र बाहेरच राहतो. शिवाय डोंगराचा अखंड खडक फार सावकाश तापतो व फार सावकाश निवतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या विहारांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना हिवाच्या पहाटे या खडकाचा आधार वाटला असेल. समोरच शिवनेरी दिसतो. तेथे शिवरायांचा जन्म झाला तो १९ फेब्रुवारी १६३० रोजी, म्हणजे याच खोऱ्यातील थंडी ओसरू लागण्याच्या सुमारास.

जगातील खऱ्या कडाक्याच्या थंडीपुढे आपली थंडी म्हणजे काहीच नव्हे, असे कोणी म्हणेल. अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथे २१ जुलै १९८३ रोजी तापमान उणे ८९.२ अंश नोंदले गेले. त्याच खंडावर १९८९ सालापासून भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र आहे आणि तेथे आपले शास्त्रज्ञ हिवाळाही काढतात. हे आकडे थक्क करणारे आहेत खरे. पण थंडीचे मोजमाप केवळ अंशांनी होत नाही. बाहेर उणे ४० अंश आणि आत तापविलेली खोली, अशा घरातील मूल सुखाने झोपते. बाहेर ६ अंश आणि मधे केवळ एक ताडपत्री, अशा ठिकाणचे मूल रात्रभर काकडते. यांपैकी अधिक थंडी कोणी सोसली?

अशी मुले आपल्याच खोऱ्यांत असतात. आंबेगावातील भीमाशंकर व जुन्नरमधील विघ्नहर या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणीचा हंगाम नेमका हिवाळ्यातच ऐन भरात येतो. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि उघड्या माळावर पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपींत राहतात. पहाटे, दवाने निथळणाऱ्या उसात ती कोयते घेऊन उतरतात. पाचटाची धारदार पाती गार पडलेल्या बोटांना कापतात आणि ते लगेच कळतही नाही. थंडीने बाळाला होणारा धोका सर्वांत मोठा असतो. कारण लहान देहाची उष्णता फार लवकर निघून जाते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला कोरडे व उबदार ठेवणे, त्याला उबदार पिशवीत गुंडाळणे, आईचे दूध वेळेवर पाजणे अशा साध्या गोष्टींचा त्यात मोठा वाटा होता. या कार्याचे फलित १९९९ साली प्रसिद्ध झाले. बालमृत्यू पुष्कळ घटल्याचे त्यातून दिसून आले.

रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची कथाही याहून फार निराळी नाही. शेतीपंपांना वीज वर्षानुवर्षे पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे. रात्रीची पाळी असली म्हणजे गुडघाभर चिखलात, हातात खोरे घेऊन, दोन-तीन वाजेपर्यंत दारे धरावी लागतात. त्यातच या भागातील उसाच्या फडांत बिबट्याने घर केले आहे. माणिकडोह येथे त्यासाठी बिबट निवारा केंद्रही आहे. मादी उसातच पिले घालते. म्हणून एकट्याने न जाता दोघांनी जावे, हाती विजेरी व काठी असावी, मोठ्याने बोलत चालावे, असा सावधपणा आता अंगवळणी पडला आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्या गावांत ती पोहोचली, तेथील शेतकऱ्याला हिवाच्या रात्री अंथरूण लाभले.

एका धोक्याविषयी मात्र निक्षून सांगणे अवश्य आहे. थंडी असह्य झाली की काही लोक शेगडी किंवा घमेल्यातील निखारे घरात आणतात, दारे-खिडक्या गच्च लावतात आणि झोपी जातात. कोंडलेल्या हवेत कोळसा पुरता जळत नाही व त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला डोके जड झाल्यासारखे वाटते, गुंगी येते, आणि झोपलेला मनुष्य जागाच होत नाही. शेकोटी अंगणात असावी. शेगडी घरात आणावीच लागली तर खिडकी उघडी असावी आणि निजण्यापूर्वी निखारे बाहेर नेऊन विझवावेत. बाळंतिणीच्या खोलीत तर याविषयी दुप्पट दक्षता घ्यावी.

अभ्यास

१. नदीकाठच्या शेतात टेकडीपेक्षा अधिक थंडी का पडते?
२. एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या बागेला अधिक उपयोगी का पडतात?
३. पुढील शब्दांतील अर्थच्छटा स्पष्ट करा : गारवा, गारठा, कडाका, हिव, हुडहुडी.
४. आपल्या घराचे छप्पर, भिंती व खिडक्यांची दिशा पाहा. थंडीच्या रात्री घरातील कोणता कोपरा सर्वांत उबदार राहतो, ते आठ दिवस पाहून वहीत लिहा.